पेन्सिलीनं तपासणाऱ्या बाई

इरा आणि नील,

मागच्या रविवारी फोनवर इरानं मला विचारलं, "आजी, हू लुक्स आफ्टर यू देअर?" मी लगेच म्हटलं, "एव्हरीबडी." इरा हसली, नीलनं पडलेल्या दाताची खिडकी फोनच्या पडद्यावर दाखवली आणि विषय तिथंच संपला. फोन ठेवल्यावर मात्र मला बरं वाटेना. माझ्या उत्तरात चूक काहीच नव्हती, तरी घाणेकर बाईंनी ते पास केलं नसतं.

बाईंबद्दल मी तुम्हाला कधी सांगितलेलं नाही. तुमच्या आईलाही अर्धंच सांगितलं आहे. गेल्या फाल्गुनात बाई गेल्या. आता उरलेलं अर्धं ठाऊक असलेली मी एकटीच आहे, म्हणून लिहून ठेवते. क्रमानं लिहिते. मराठी जड गेलं तर आईकडून वाचून घ्या.

मी आठवीत होते तेव्हा बाई आमच्या मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायला आल्या. वय असेल चोवीस. काटक अंग, सुती नऊवार नव्हे तर साधं पाचवार, केसांचा इतका घट्ट अंबाडा की भुवया वर ओढल्यासारख्या दिसत. पर्समध्ये पत्र्याची एक चपटी डबी असे आणि तिच्यात आमसुलं. दोन तासांच्या मध्ये एक तोंडात टाकायच्या. कोणी मुलगी रडायला लागली तर तिलाही एक द्यायच्या आणि म्हणायच्या, "आधी हे तोंडात धर. मग बोल." आंबटानं तोंड वाकडं झालं की रडणं आपोआप थांबायचं. हा उपाय पुढं मी माझ्या वर्गात वापरला आणि तुमच्या आईवरही.

इंग्रजीत क्रियापदाला छोटासा शब्द चिकटला की अर्थ भलतीकडेच जातो, हे आम्हाला फार जाचायचं. लुक म्हणजे बघणं, आफ्टर म्हणजे नंतर. मग लुक आफ्टर म्हणजे नंतर बघणं का नाही? बाई फळ्यावर शब्द लिहायच्या आणि त्याचा अर्थ न सांगता विचारायच्या, "तुमच्या घरी म्हाताऱ्या आजीला कोण बघतं?" कोणी म्हणायचं आई, कोणी काकू. "मग आई काय नुसती तिच्याकडे टक लावून बसते? काय करते? हात काय करतात ते सांग." वेणी घालते, मऊ भात करून देते, पाय चेपते, अशी यादी व्हायची. ती संपली की बाई फळ्यावरच्या शब्दाखाली रेघ मारायच्या. "हे सगळं म्हणजे लुक आफ्टर. प्रेम असेल नसेल, ते निराळं. हातांनी केलं तरच हा शब्द वापरायचा."

हे त्या पुढच्या वर्षांत असं शिकवू लागल्या. आमच्या वर्षी त्यांनी साध्या रीतीनं शिकवलं होतं. अर्थ सांगितला, सांभाळणे, काळजी घेणे. दोन उदाहरणं दिली आणि तीन वाक्यं घरून करून आणायला सांगितली. एवढंच.

बाकावर माझ्या शेजारी शेवंती बसायची. लांज्याकडच्या एका वाडीतली. वडील मुंबईला नोकरीला, आई गावी शेतात, आणि शिकायला म्हणून ही इथं खालच्या आळीत आत्याकडे ठेवलेली. पाटपाणी, केरवारे, आत्याची चार पोरं, हे सगळं उरकून ती शाळेत यायची. गणितात ती माझ्यापेक्षा हुशार होती. इंग्रजी मात्र तिला यायचं नाही, आणि त्याची तिला लाज वाटायची. गणपतीची सुट्टी संपवून ती गावाहून परत आली तेव्हापासून तिला अधूनमधून कणकण असायची. तेव्हा कोणाला कणकण नसायची?

वह्या द्यायच्या त्या दिवशी मधल्या सुट्टीत ती मला म्हणाली, "वसू, माझी दोनच वाक्यं झाली गो. तिसरं मराठीत सांगते, तू इंग्लिश करून दे." मी म्हटलं, सांग. ती म्हणाली, "मला ताप आला की कोण बघत नाय. मी पडवीत निजते."

मला ते ऐकून कसंसंच झालं. पण वाईट वाटलं ते शेवंतीसाठी नाही, वहीसाठी. वहीत असलं लिहायचं नसतं, असं मला पक्कं ठाऊक होतं. आमच्या वह्यांत वडील नेहमी दयाळू असत, गाय उपयुक्त प्राणी असे, आणि शेजारी आपापसांत मिळूनमिसळून राहत. निबंधात घरचं उणं कोणी लिहीत नसे. मी तिला म्हटलं, "असं नको. बाई काय म्हणतील? आत्याचं नाव खराब होईल." ती म्हणाली, "बरं, तुला ठाऊक." आणि वही माझ्याकडे सरकवली. मी माझ्या पेनानं, माझ्या हातानं लिहिलं, "माय आन्ट लुक्स आफ्टर मी व्हेन आय ॲम इल."

दुसऱ्या दिवशी वह्या तपासून आल्या. त्या वाक्यावर लाल शाईची बरोबरची खूण होती आणि बाजूला लाल शाईतच 'गुड'. आठवीत बाईंकडून गुड मिळणं फार मोठी गोष्ट. शेवंती ते परत परत बघत होती. मला मात्र माझ्या वहीत नुसतीच खूण मिळाली होती, म्हणून मी जराशी रुसलेही. पुढच्या व्याकरणासाठी बाईंनी त्या आठवड्यात वह्या पुन्हा जमा केल्या.

मग शेवंती दोन दिवस तापातच शाळेत आली, आणि त्यानंतर आली नाही. आठ-दहा दिवसांनी मुख्याध्यापिका वर्गात आल्या आणि आम्हाला उभं राहायला सांगितलं. शेवंतीला इस्पितळात नेलं होतं, पण उशीर झाला होता. बाई दाराशी उभ्या होत्या. त्यांच्या हातात आमच्या वह्यांचा गठ्ठा होता, आणि तो खाली ठेवायचं त्यांना सुचत नव्हतं.

आत्याबद्दल तुम्ही वाईट ग्रह करून घेऊ नका. बाई स्वतः तिला भेटून आल्या होत्या. ती म्हणाली होती, "रोजचाच ताप वाटला, बाई. माझ्या पोरांना आला असता तरी मी काढाच दिला असता." बाईंना ते खरं वाटलं. मलाही आज वाटतं. कोणी दुष्ट नव्हतं. ताप किती आहे हे फक्त कोणी बघितलं नव्हतं.

त्यानंतरच्या बाई या मला माहीत असलेल्या बाई. लाल शाई त्यांनी सोडून दिली. पुढची सगळी वर्षं त्यांनी वह्या पेन्सिलीनं तपासल्या. इतर शिक्षिका हसायच्या, एका मुख्याध्यापिकांनी तर लेखी विचारणा केली. बाईंनी एका ओळीत उत्तर दिलं की शाई पुसता येत नाही. 'गुड' हा शब्द त्यांनी पुन्हा कोणाच्याही वहीत लिहिला नाही. पोरींना त्याचं फार वाईट वाटायचं. पहिल्या नंबराच्या मुलीलाही नुसती खूण मिळे.

आणि त्यांनी नियम केला, की वाक्य खरं पाहिजे. ज्याचं त्यानं केलेलं आणि ज्याच्या त्याच्या घरातलं. वही तपासताना त्या मुलीला टेबलापाशी उभं करायच्या, प्रत्येक वाक्यावर तर्जनी टेकवायच्या आणि विचारायच्या, "हे खरं?" मुलगी हो म्हणाली की पुढचं. अडखळली की वाक्य खोडून दुसरं आणायचं. एका मुलीनं लिहिलं की तिचे आजोबा आंब्याच्या कलमांना लुक आफ्टर करतात. बाईंनी बोट टेकवलं. मुलगी म्हणाली, हो, खरं. बाईंनी विचारलं, "विहिरीपासून कलमांपर्यंत किती पायऱ्या?" मुलीला माहीत नव्हतं. "संध्याकाळी आजोबांबरोबर एक कळशी घेऊन जा आणि मोजून ये. मग मी खूण करीन." दुसऱ्या दिवशी ती मुलगी हाताला फोड घेऊन आली आणि म्हणाली, बेचाळीस. बाईंनी खूण केली.

एकदा तपासनीस आले होते. बाईंच्या वर्गात बसले आणि फळ्यावरचा शब्द बघून म्हणाले, कोणी तरी एक छान वाक्य सांगा. खाडीपलीकडच्या भाट्याची कुंदा उभी राहिली. तिच्या घरची होडी होती. कुंदा खणखणीत आवाजात इंग्रजीत म्हणाली, की माझे वडील होडीला लुक आफ्टर करत नाहीत, माझी आई करते. तपासनीस हसले. "वडील काय करतात मग?" कुंदा मराठीवर आली. "ते बसतात, साहेब. आई जाळी शिवते, तळाला तेल लावते, आणि बाबांना पण तीच बघते." वर्ग खदखदून हसला. तपासनिसांना हे छान वाक्य वाटलं नाही. बाहेर पडताना ते बाईंना म्हणाले की मुलींना जरा चांगली वाक्यं शिकवा. बाई म्हणाल्या, "चांगली वाक्यं यायची माझ्याकडे, साहेब. आता मी घेत नाही."

बाईंनी सुरू केलेली तिसरी गोष्ट थर्मामीटरची. तो बाईंच्या पर्समध्ये आमसुलाच्या डबीशेजारी एका लाकडी नळीत असायचा. कोणतीही मुलगी सलग तीन दिवस आली नाही, की चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर बाई तिच्या घरी. मांडवी असो, झाडगाव असो, पार मिरजोळ्याच्या बाजूला असो. छत्री आणि पर्स घेऊन चालत. आधी मुलीच्या तोंडात थर्मामीटर, मग चौकशी. बऱ्याचदा मुलीला काहीच झालेलं नसायचं, घरी पाहुणे आलेले असायचे किंवा आंब्याच्या पेट्या भरायच्या असायच्या. नाक्यावरचे लोक म्हणायचे, "आल्या डॉक्टरीण बाई." एका घरात तर सासूनं सुनेला सांगितलं, "ह्यांना चहा दे, पण पोरीला बाहेर नको पाठवू, ह्या ताप काढल्याशिवाय जायच्या नाहीत." बाई शांतपणे चहा प्यायल्या आणि ताप बघूनच उठल्या. त्या फेऱ्यांत दोन मुली वेळेवर इस्पितळात पोचल्या, हे मला नक्की माहीत आहे. बाईंनी तसं कधी कोणाला सांगितलं नाही.

शिक्षण पूर्ण करून मी त्याच शाळेत इंग्रजी शिकवायला लागले. मी रुजू झाले त्या दिवशी बाईंनी मला त्यांचं कपाट उघडून दाखवलं. खडू, नकाशे, जुने पेपर, आणि सगळ्यांत खाली तपकिरी कागदाचं कव्हर घातलेली एक वही. मी ती लगेच ओळखली.

बाई म्हणाल्या की शेवंतीचे वडील मुंबईहून तिचं सामान न्यायला आले होते. शाळेतही आले, काही राहिलंय का विचारायला. तेव्हा वही बाईंच्या टेबलावरच होती. "मी दिली नाही," बाई म्हणाल्या. "त्यांना इंग्रजी येत नव्हतं. कोणाकडून तरी वाचून घेतलं असतं, की आत्या आजारपणात बघते. बाईंनी शाबासकी दिली आहे. खोट्या वाक्यानं बरं वाटलं असतं त्या माणसाला. म्हणून दिली नाही. हे मी चांगलं केलं की वाईट, मला ठरवता येत नाही."

मग कपाट लावताना, माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "तिला काय लिहायचं होतं, ते मला अजून कळलेलं नाही."

तास झाल्याची घंटा वाजली. मी वर्गावर गेले.

पुढं वीसेक वर्षं आम्ही दोघी एकाच शिक्षिकांच्या खोलीत बसलो. दर वर्षी तो धडा यायचा. आदल्या दिवशी बाई डबी उघडायच्या, एक आमसूल मला द्यायच्या, आणि म्हणायच्या, "उद्या लुक आफ्टर आहे, वसुधा." एवढंच म्हणून थोडा वेळ थांबायच्या. मी वहीत तोंड घालून बसायचे. आमसूल तोंडात असायचं, पण मला बोलता यायचं नाही. दर वर्षी ठरवायचे की या वर्षी सांगायचं. सांगितलं असतं तर बाई मला काय म्हणतील याची भीती मला तेरा वर्षांच्या मुलीसारखीच वाटत होती, आणि मी तेव्हा दोन मुलांची आई होते. स्वतःच्या तापलेल्या मुलाच्या कपाळावर हात ठेवताना मला प्रत्येक वेळी पडवी दिसायची. ती पडवी मी कधी पाहिलेलीही नव्हती.

बाई निवृत्त झाल्या, मग मी झाले. बाईंनी लग्न केलं नव्हतं. झाडगावात दोन खोल्या, पुढं पडवी, मागं विहीर. शेवटच्या काही वर्षांत त्यांना नीट दिसेना. तीच भाट्याची कुंदा, आता स्वतः आजी झालेली, रोज त्यांच्याकडे यायची. आंघोळ घालायची, मऊ भात करायची. बाई तिला म्हणायच्या, "तू मला बघतेस की होडीला?" कुंदा म्हणायची, "होडी बरी, बाई. ती उलट उत्तरं करीत नाय."

त्या जाण्याआधीच्या थंडीत एका दुपारी मी गेले होते. बाई पडवीत आरामखुर्चीत बसल्या होत्या. थर्मामीटरची नळी भिंतीवरच्या खिळ्याला दोरीनं लटकवलेली होती. बाईंनी कुंदाला ट्रंक उघडायला सांगून ती वही मागवली आणि माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाल्या, मला आता वाचता येत नाही, तू वाच.

मी पान उघडलं. निळी शाई फिकट झाली होती, पण लाल अजून गडद होती. मी वाक्य वाचलं. मी म्हटलं, "बाई, हे वाक्य शेवंतीचं नाही."

"अक्षर तुझं आहे," बाई म्हणाल्या. "उजवीकडे कललेलं. वर्गात दुसऱ्या कोणाचं तसं नव्हतं. मी तेव्हाच ओळखलं होतं. वाटलं, मैत्रिणीनं मदत केली, चांगलं आहे. म्हणून तर गुड लिहिलं."

"तेव्हापासून माहीत होतं? मग मला विचारलं का नाहीत?"

"तेरा वर्षांची होतीस. एक पोर गेली होती. ते तुझ्या डोक्यावर ठेवू?"

"नंतर तरी विचारायचं."

"नंतर मी वाट बघत होते." मग त्या म्हणाल्या, "आता सांग. तिला काय लिहायचं होतं?"

मी सांगितलं. शेवंती बोलली होती तसंच, तिच्याच शब्दांत. मला ताप आला की कोण बघत नाय. मी पडवीत निजते.

विहिरीवर कुंदाचा पोहरा वाजत होता. बाईंनी चाचपडत खुर्चीच्या फटीतून पेन्सिलीचा एक तुकडा काढला, माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "तिच्या पानावर लिही. खाली."

मी लिहिलं. मराठीतच लिहिलं. बाईंनी हात पुढं केला; मी त्यांची तर्जनी धरून त्या ओळीवर टेकवली. ते बोट वहीवर टेकलं की पुढचा प्रश्न कोणता, हे मला आयुष्यभर माहीत होतं. मी उत्तर द्यायला तयारही झाले. पण त्यांनी विचारलं नाही. त्या नुसत्या त्या ओळीवरून बोट फिरवत राहिल्या, डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडून.

मी निघाले तेव्हा फाटकातून वळून बघितलं. वही मांडीवर तशीच उघडी होती आणि बाईंचं बोट तिथंच होतं. तेच माझं शेवटचं बघणं. नंतर मी पडले, पाय मोडला, आणि फाल्गुनात कुंदाचा फोन आला.

इरा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर आता नीट लिहिते. पाय मोडल्यापासून कुंदा रोज दुपारी माझ्याकडे येते. माझ्या गुडघ्याला तेल लावते, दुसऱ्या दिवसाची भाजी चिरून ठेवते, आणि भरपूर बोलते. बाकी वेळ मी एकटी असते. संध्याकाळी मला करमत नाही. हे खरं आहे.

बाई गेल्यावर कुंदानं वही आणि थर्मामीटर माझ्याकडे आणून दिले. वही माझ्या कपाटात दुसऱ्या फळीवर आहे, डाव्या बाजूला, थर्मामीटरच्या नळीशेजारी. थर्मामीटर अजून चालतो. वहीतली पेन्सिलीची ओळ पुसलेली नाही.